शिसेविरहित फेरोविद्युत सिरॅमिक पदार्थांचे पायरोविद्युत गुणधर्म : गुणांक आणि उपयुक्तता

गोषवारा : तापमान बदलताच ज्या पदार्थांच्या पृष्ठभागावर विद्युतभार प्रकट होतो ते पायरोविद्युत पदार्थ होत. या वर्गातील व्यवहारात रूढ असलेली बहुतेक सिरॅमिके शिसेयुक्त आहेत आणि त्यांना पर्याय शोधण्याचे काम गेली सुमारे २० वर्षे जगभर जोमाने चालू आहे. हे पर्याय पारखताना केवळ पायरोविद्युत गुणांकाचा आकडा पाहणे पुरेसे नाही. डायइलेक्ट्रिक स्थिरांक, क्षय आणि विशेषतः विध्रुवीकरणाचे तापमान यांच्यासह तो वाचावा लागतो, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : पायरोविद्युतता, फेरोविद्युतता, शिसेविरहित सिरॅमिक, गुणवत्तांक, विध्रुवीकरण तापमान.

प्रस्तावना

जिन्यात कोणी पाऊल टाकताच आपोआप लागणारा दिवा आणि बँकेत रात्री कोणी शिरल्यास वाजणारी चोरघंटा यांच्या मुळाशी बहुधा एक लहानसा अवरक्त संवेदक असतो. मानवी शरीरातून सतत अवरक्त प्रारण बाहेर पडत असते आणि त्याची तीव्रता ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. हे प्रारण संवेदकातील सिरॅमिकच्या पातळ चकतीवर पडले की तिचे तापमान अंशाच्या अत्यल्प भागाने वाढते. तेवढ्या वाढीनेही चकतीच्या दोन पृष्ठभागांवर विद्युतभार प्रकट होतो. अशा संवेदकात सहसा दोन चकत्या परस्परविरुद्ध दिशेने जोडलेल्या असतात. त्यामुळे सगळी खोली सावकाश तापली तर दोहोंचे परिणाम एकमेकांना छेद देतात आणि माणूस एका चकतीच्या दृष्टिक्षेत्रातून दुसरीच्या दृष्टिक्षेत्रात गेला तरच संकेत मिळतो.

ही चकती बहुधा लेड झिर्कोनेट टायटॅनेट म्हणजे पीझेडटी या कुळातील असते. पीझेडटीच्या वजनात शिशाचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक असतो. येथे एक साधा हिशेब करून पाहणे उचित ठरेल. चकती २ मिलिमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड मानली, तर तिचे वजन सुमारे दीड मिलिग्रॅम भरते. म्हणजे दोन चकत्यांत मिळून शिसे सुमारे २ मिलिग्रॅम. मोटारीच्या बॅटरीत कित्येक किलो शिसे असते, हे लक्षात घेता एवढ्याशा शिशासाठी इतका खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल.

त्याचे उत्तर संवेदकात नसून भट्टीत आहे. पीझेडटी तयार करताना शिशाच्या ऑक्साइडची बारीक भुकटी खलावी लागते आणि दाबलेल्या चकत्या सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवाव्या लागतात. शिशाचे ऑक्साइड ८८८ अंशांनाच वितळते आणि या तापमानाला त्याची वाफही होते. ही घट भरून काढण्यासाठी मुळात थोडे जादा ऑक्साइड घालण्याची पद्धत आहे. म्हणजे काही शिसे हवेत जाणार हे गृहीत धरूनच कृती आखलेली असते. शिशाची रक्तातील कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मोठ्या कारखान्यात निदान वायुवीजनाची सोय असू शकते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत खल, बट्टा आणि साधी मफल भट्टी यांच्या आधारे काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांना हा विषय जवळचा वाटावा, याचे हे एक कारण होय.

युरोपीय संघाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या आणि १ जुलै २००६ पासून लागू झालेल्या घातक पदार्थ निर्बंध निर्देशानुसार विद्युत उपकरणांच्या कोणत्याही एकजिनसी भागात वजनाने ०.१ टक्क्याहून अधिक शिसे असता कामा नये. भारतात हीच मर्यादा २०११ च्या ई-कचरा नियमांत आली आणि २०१६ व २०२२ च्या नियमांतही ती कायम राहिली. तथापि, सिरॅमिक घटकांतील शिशाला निर्देशातून सूट देण्यात आली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. पुरेसा चांगला पर्याय उपलब्ध नाही, हेच त्या सवलतीमागील कारण होय.

पायरोविद्युततेचे स्वरूप

तापविलेला तोरमल्ली खडा राख ओढून घेतो, ही गोष्ट युरोपात १८ व्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांमुळे माहीत झाली. सिलोनहून आणलेल्या या खड्याला ते 'राख ओढणारा' असेच म्हणत. १७५६ साली एपिनस याने हा परिणाम विद्युत स्वरूपाचा असल्याचे दाखविले आणि १८२४ साली डेव्हिड ब्रूस्टर याने त्यास पायरोविद्युतता हे नाव दिले.

सममितीच्या दृष्टीने स्फटिकांचे ३२ वर्ग पडतात. त्यांपैकी २१ वर्गांत सममितीकेंद्र नसते, २० वर्ग दाबविद्युत असतात आणि १० वर्गांना एक अनन्य ध्रुवीय अक्ष असतो. या १० वर्गांतील स्फटिकांत बाह्य क्षेत्र नसतानाही ध्रुवीकरण असते आणि हेच पायरोविद्युत स्फटिक होत. बाह्य विद्युतक्षेत्राने ज्यांच्या ध्रुवीकरणाची दिशा उलटविता येते ते फेरोविद्युत. सिरॅमिकमध्ये असंख्य स्फटिककण वाटेल त्या दिशांना तोंड करून असल्यामुळे त्याचे एकूण ध्रुवीकरण शून्य असते. ते फेरोविद्युत असेल तरच प्रबळ क्षेत्र लावून त्याच्या कणांना एका दिशेकडे वळविता येते. या क्रियेस पोलिंग म्हणतात. म्हणून पायरोविद्युत सिरॅमिक हे फेरोविद्युतच असावे लागते. तोरमल्लीच्या भुकटीची वडी भाजून संवेदक बनणार नाही.

तापमान स्थिर असताना ध्रुवीकरणामुळे पृष्ठभागावर आलेल्या भाराला भोवतालच्या हवेतील व पदार्थातील मुक्त भार झाकून टाकतात आणि बाहेर काहीच जाणवत नाही. तापमान वाढले की ध्रुवीकरण घटते, झाकणारा काही भार मोकळा होतो आणि जोडलेल्या तारेतून वाहू लागतो. प्रवाह हा पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, पायरोविद्युत गुणांक आणि तापमानबदलाचा दर यांच्या गुणाकाराएवढा असतो. उदाहरणार्थ, १ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या आणि ३०० मायक्रोकुलोम प्रति चौरस मीटर प्रति केल्विन गुणांकाच्या चकतीचे तापमान मिनिटाला २ अंशांनी वाढविले तर सुमारे १ नॅनोअँपिअर प्रवाह मिळतो. (पुढे गुणांकासाठी सर्वत्र हेच एकक अभिप्रेत आहे.) हा एक नॅनोअँपिअरचा आकडा लक्षात ठेवावा, मापनाच्या चर्चेत तो पुन्हा येणार आहे.

गुणांक आणि गुणवत्तांक

शोधनिबंधांच्या शीर्षकांतून गुणांक मिरविला जातो. परंतु संवेदकाला त्याहून अधिक काही हवे असते. शोषलेल्या उष्णतेने तापमान किती वाढेल हे घनफळी उष्णताधारकतेवर अवलंबून असते. निर्माण झालेल्या भाराचे व्होल्टतेत रूपांतर होताना चकतीची धारिता, म्हणजे पर्यायाने डायइलेक्ट्रिक स्थिरांक, आड येतो. म्हणून व्होल्टतेचा गुणवत्तांक काढताना गुणांकास उष्णताधारकता आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक या दोहोंनी भागतात. चकतीतच उत्पन्न होणारा विद्युत गोंगाट महत्त्वाचा असेल तेथे भाजकात डायइलेक्ट्रिक स्थिरांक व क्षय यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ येते. यास शोधक्षमतेचा गुणवत्तांक म्हणतात.

या भागाकाराने क्रमवारी कशी पालटते हे दोन स्फटिकांवरून ध्यानात येईल. स्ट्राँशियम बेरियम नायोबेटचा गुणांक सुमारे ५५० आहे, तर लिथियम टँटलेटचा सुमारे २३०. पहिल्याचा आकडा दुपटीहून मोठा. परंतु त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ४०० आहे आणि दुसऱ्याचा केवळ ४७. परिणामी व्होल्टतेच्या गुणवत्तांकात नायोबेट टँटलेटच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. येथे आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. लिथियम टँटलेटमध्ये शिसे नाही, त्याचे क्यूरी तापमान ६०० अंशांच्या वर आहे आणि संवेदकांत ते फार पूर्वीपासून वापरले जात आहे. म्हणजे शिसेविरहित पायरोविद्युत पदार्थ मुळात नवा नाही. हवे आहे ते स्वस्त, हव्या त्या आकारात दाबता व भाजता येणारे आणि संघटन बदलून गुणधर्म जुळवता येणारे सिरॅमिक. एकस्फटिक वाढविण्याचा आणि कापण्याचा खर्च त्यात नसतो.

तुलनेसाठी शिसेयुक्त बाजूचा मापदंडही सांगणे आवश्यक आहे. सुधारित लेड झिर्कोनेट सिरॅमिकचा गुणांक सुमारे ३८०, डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे २९० आणि क्यूरी तापमान सुमारे २३० अंश आहे. गुणांकाचा आकडा गाठणे फारसे अवघड नाही. तिन्ही आकडे एकाच पदार्थात एकत्र आणणे, ही खरी कसोटी होय.

शिसेविरहित कुळे

बेरियम टायटॅनेट हे यांतील सर्वांत जुने. त्याची फेरोविद्युतता १९४० च्या दशकात उघड झाली. त्याचे क्यूरी तापमान १२० ते १३० अंश आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक हजाराच्या वर असल्यामुळे नुसत्या रूपात ते पायरोविद्युत कामासाठी दुबळे ठरते. त्यात कॅल्शियम आणि झिर्कोनियम मिसळून तयार होणाऱ्या सिरॅमिकने २००९ साली मोठी खळबळ उडवली. लिऊ आणि रेन यांनी त्यात ६२० पिकोकुलोम प्रति न्यूटन इतका दाबविद्युत गुणांक नोंदविला आणि हा आकडा पीझेडटीच्या तोडीचा होता. त्याचा पायरोविद्युत गुणांकही ५०० च्या वर आढळतो. तथापि, त्याचे क्यूरी तापमान अवघे ९३ अंश आहे आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक दोन-तीन हजारांच्या घरात आहे. आकडा मोठा असूनही व्होल्टतेच्या गुणवत्तांकात ते लेड झिर्कोनेटच्या कित्येक पटींनी मागे राहते.

पोटॅशियम सोडियम नायोबेट याचे क्यूरी तापमान सुमारे ४२० अंश आहे. २००४ साली टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेतील साइतो व सहकाऱ्यांनी या कुळातील दिशाबद्ध कणरचनेच्या सिरॅमिकमध्ये ४१६ पिकोकुलोम प्रति न्यूटन इतका दाबविद्युत गुणांक मिळविला आणि तेव्हापासून शिसेविरहित संशोधनाला वेग आला. पायरोविद्युत गुणांक मात्र साधारणतः १०० ते २०० च्या दरम्यान राहतो. त्याचे कच्चे कार्बोनेट हवेतील ओलावा शोषतात, त्यामुळे पावसाळ्यात केलेली वजने आणि उन्हाळ्यात केलेली वजने यांत फरक पडतो. भुकटी आधी भट्टीत सुकवून मगच तोलावी लागते. शिवाय, शिसे नाही म्हणजे पर्यावरणाला हानी नाही, असे समीकरण मांडणे घाईचे होईल. २०१६ साली ब्रिटनमधील संशोधकांनी या दोन पदार्थांच्या जीवनचक्राची तुलना केली. तीत नायोबियमच्या खाणकामाचा व शुद्धीकरणाचा पर्यावरणीय भार विचारात घेता नायोबेट पीझेडटीपेक्षा सरस ठरत नाही, असे दिसून आले.

पायरोविद्युत उपयोगाच्या दृष्टीने सर्वाधिक आशा आहे ती सोडियम बिस्मथ टायटॅनेट या कुळाकडून. स्मोलेन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास शोधलेल्या या पदार्थाचे शेष ध्रुवीकरण ३८ मायक्रोकुलोम प्रति चौरस सेंटिमीटर इतके भरघोस आहे. परंतु ते वळविण्यासाठी लागणारे क्षेत्रही सेंटिमीटरला ७३ किलोव्होल्ट इतके प्रबळ असल्याने शुद्ध पदार्थाचे पोलिंग करणे कष्टाचे जाते. ताकेनाका आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली त्यात ६ ते ७ टक्के बेरियम टायटॅनेट मिसळले. तेथे दोन स्फटिकरचनांची सीमा येते, पोलिंग सुलभ होते आणि दाबविद्युत गुणधर्म वाढतात. या सीमेजवळील सिरॅमिकांचा पायरोविद्युत गुणांक साध्या तापमानाला लेड झिर्कोनेटच्या जवळ जाऊ शकतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांक मात्र त्याच्या दुपटीहून अधिक असतो. याहून मोठी अडचण निराळीच आहे.

विध्रुवीकरणाची अडचण

सोडियम बिस्मथ टायटॅनेटमध्ये डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचे शिखर सुमारे ३२० अंशांना येते. म्हणून वरवर पाहता ते तोपर्यंत टिकेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे ध्रुवीकरण त्याआधीच, सुमारे १९० अंशांना विस्कटते. बेरियम टायटॅनेट मिसळून सीमेजवळ गेल्यावर हे विध्रुवीकरण तापमान आणखी खाली, १०० अंशांच्या आसपास येते. म्हणजे ज्या उपायाने गुणांक वाढतो त्याच उपायाने टिकाऊपणा घटतो. या कुळातील बहुतेक सगळे संशोधन या एका ओढाताणीभोवती फिरते, असे म्हणता येईल.

आता विध्रुवीकरणाच्या तापमानाजवळ ध्रुवीकरण वेगाने कोसळत असते आणि गुणांक म्हणजे या कोसळण्याचा उतारच होय. साहजिकच तेथे गुणांकाचे उंच शिखर येते आणि निबंधाच्या गोषवाऱ्यात तोच आकडा ठळकपणे दिला जातो. पण ते शिखर ओलांडलेला नमुना थंड केला असता पूर्वस्थितीत येत नाही. त्याचे पुन्हा पोलिंग करावे लागते. फटाका एकदाच वाजतो, तसाच हा प्रकार. संवेदकाला असा आकडा निरुपयोगी आहे. त्याला हवा असतो तो खोलीच्या तापमानाजवळचा, पुन्हापुन्हा तोच मिळणारा गुणांक.

उपकरण उन्हात तापते ही बाब तर आहेच. ट्रायग्लायसीन सल्फेट हा व्होल्टतेच्या गुणवत्तांकात अग्रेसर असलेला स्फटिक ४९ अंशांना आपली फेरोविद्युतता गमावतो. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात बंद पेटीत हे तापमान सहज गाठले जाते. परंतु खरी परीक्षा त्याआधीच, कारखान्यात होते. मंडलफलकावर घटक बसविताना फलक डाख वितळविणाऱ्या भट्टीतून जातो. कथील आणि शिसे यांचा जुना डाख १८३ अंशांना वितळत असे. शिशावरील निर्बंधांमुळे त्याची जागा कथील, चांदी आणि तांबे यांच्या डाखाने घेतली. तो सुमारे २१७ अंशांना वितळतो आणि त्यामुळे भट्टीचे तापमान २४० अंशांच्या पुढे न्यावे लागते. शिसे काढून टाकण्याच्या एका उपायाने दुसऱ्या उपायाची वाट अशी अधिक अवघड केली. शिसेयुक्त सिरॅमिकांपैकीही उच्च क्यूरी तापमानाचीच या भट्टीतून तरतात. १०० अंशांना विध्रुवीकृत होणाऱ्या पदार्थाचा तर तेथे प्रश्नच उद्भवत नाही. तो बसवायचा तर हाताने, केवळ तारांच्या टोकांना उष्णता देऊन.

या अडचणीवर दोन उपाय विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला उपाय म्हणजे सिरॅमिकच्या कणांत झिंक ऑक्साइडचे कण विखरून संमिश्र तयार करणे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कामानुसार या अर्धवाहक कणांतील भार ध्रुवीकरणाला आधार देतात आणि विध्रुवीकरण लांबते. दुसरा उपाय लोहाराच्या पाणी देण्याची आठवण करून देणारा आहे. भाजलेले सिरॅमिक सावकाश थंड न करता एकदम थंड केले असता विध्रुवीकरण तापमान वाढते, असे जपानी संशोधकांनी दाखविले आहे. मोठ्या चकत्या या धक्क्याने तडकू शकतात. तरीही साध्या साधनांनी करून पाहता येण्याजोगे हे काम आहे.

संक्रमणाजवळच्या अस्थैर्याचा मुद्दाम उपयोग करून घेतल्याचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने बेरियम स्ट्राँशियम टायटॅनेट या शिसेविरहित सिरॅमिकपासून उष्णताचित्रण करणारे कॅमेरे बनविले. स्ट्राँशियमचे प्रमाण जुळवून संक्रमण खोलीच्या तापमानाजवळ आणलेले, तापमान नियंत्रकाने स्थिर ठेवलेले आणि बाहेरून सतत विद्युतक्षेत्र लावलेले. क्षेत्र कायमच असल्याने पोलिंग नाहीसे होण्याची भीतीच उरत नाही. २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिल मोटारीत रात्रीच्या दृश्यासाठी याच तंत्राचा कॅमेरा बसविला होता. पुढे, प्रारण खंडित करणाऱ्या फिरत्या पाकळीची गरज नसलेल्या सूक्ष्म बोलोमीटरांनी त्याची जागा घेतली. पदार्थ हरला नाही, त्याच्या भोवतीची यंत्रणा महाग पडली.

मापनातील दक्षता

पायरोविद्युत मापनाची यंत्रणा तुलनेने स्वस्त आहे. एक लहान भट्टी, तापमान नियंत्रक आणि इलेक्ट्रोमीटर एवढ्यावर बायर आणि राउंडी यांनी १९७२ साली मांडलेली पद्धत महाविद्यालयातही उभारता येते. तापमान ठरावीक दराने वाढवायचे, प्रवाह नोंदवायचा आणि क्षेत्रफळ व दर यांनी भागायचे. सोपेपणातच धोका आहे. पोलिंगच्या वेळी कणांच्या सीमांवर आणि दोषस्थानी अडकलेला भार पहिल्याच तापविण्यात सुटतो आणि तोही प्रवाह म्हणूनच मोजला जातो. अपेक्षित संकेत अवघा एक नॅनोअँपिअर असताना हा भार त्याच्या कैकपट ठरू शकतो. बिस्मथ आणि सोडियम ही दोन्ही मूलद्रव्ये भाजताना काही अंशी उडून जातात. त्यांच्या उणिवेमुळे सोडियम बिस्मथ टायटॅनेटची वाहकता वाढलेली असते, तेव्हा या कुळात तर ही शक्यता अधिकच.

पोलिंगची दिशा उलटविल्यावर प्रवाहही उलटला, एवढा पुरावा पुष्कळदा पुरेसा मानला जातो. तो पुरेसा नाही, कारण अडकलेला भारही पोलिंगच्याच क्षेत्राने आत आलेला असतो आणि दिशेबरोबर तोही उलटतो. खरी खूण निराळी आहे. नमुना विध्रुवीकरणाच्या बऱ्याच खाली, समजा २० ते ६० अंशांच्या दरम्यान, तापवावा आणि त्याच दराने थंड करावा. पायरोविद्युत प्रवाह थंड होताना दिशा बदलतो आणि परिमाणाने जवळजवळ तेवढाच राहतो. अडकलेल्या भाराचा प्रवाह असे करीत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात विरत जातो. म्हणून पहिल्या आवर्तनाची नोंद बाजूला ठेवून पुढच्या आवर्तनांवरून गुणांक काढणे श्रेयस्कर. नमुना विषमपणे तापला तर त्यातील ताणांमुळे दाबविद्युत भार निर्माण होऊन आकडा आणखी फसवा होतो. त्यासाठी चकती पातळ आणि तापविण्याचा दर संथ ठेवावा लागतो. गार्न आणि शार्प यांनी १९८२ साली विशद केलेल्या पद्धतीत तापमान लाटेसारखे वरखाली करतात. त्यात पायरोविद्युत प्रवाह तापमानाच्या लाटेपासून ९० अंशांच्या कलांतराने वेगळा ओळखता येतो. तापमानाची अशी लाट निर्माण करण्यासाठी दुकानांत सहज मिळणारा पेल्टिए घटक पुरतो.

वेगवेगळ्या तापमानांना काढलेल्या वलयालेखांवरून शेष ध्रुवीकरण वाचून त्याच्या उतारावरून गुणांक काढण्याचीही प्रथा आहे. तीत प्रत्येक बिंदूला प्रबळ क्षेत्र लावलेले असते. म्हणजे विध्रुवीकृत होऊ पाहणाऱ्या नमुन्याचे प्रत्येक वेळी नव्याने पोलिंग होते आणि नेमका जो दोष पाहायचा तोच झाकला जातो. अशा रीतीने मिळालेला गुणांक आणि प्रत्यक्ष प्रवाहावरून मिळालेला गुणांक एकाच तक्त्यात शेजारी मांडून केलेली तुलना अनेक निबंधांत आढळते. शिसेविरहित सिरॅमिकवरील निबंध तपासताना गुणांक कोणत्या पद्धतीने, कोणत्या तापमानाला आणि कितव्या आवर्तनात मोजला, तसेच त्याच नमुन्याचे डायइलेक्ट्रिक स्थिरांक, क्षय आणि विध्रुवीकरण तापमान दिले आहे की नाही, हे प्रथम पाहावे.